पुट ऑफ म्हणजे कॅन्सल का पुढं ढकललं? अर्जंट हाय

खानापूरचं पाव्हणं:
बेळगावात उद्यमबागेतल्या एका कंपनीत काल सोमवारी माझा इंटरव्ह्यू होता, शनिवारी मेल आला की 'युवर इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ टिल थर्सडे', मला वाटलं ऑफ म्हणजे बंद, लाइट ऑफ, मोबाईल ऑफ, तसा इंटरव्ह्यू पण ऑफ, म्हणून बॅग भरून खानापूरला मामाकडं आलो. आज दोस्ताचा फोन, कॅन्सल न्हाई गा, गुरुवारी हाय म्हणतोय. मामा म्हणतोय कॅन्सलच. कुणाचं खरं?

अनगोळकर:
दोस्ताचं. कॅन्सलला कॉल ऑफ म्हणतात. आणि 'टिल थर्सडे' समोर दिसत असताना मामाचं कशाला ऐकलास गा, रद्द झालेल्याला वार कशाला लागतोय?

शहापूरची ताई:
दादा, कन्नडमधनं बघ, लगेच कळतंय. परीक्षेच्या नोटिशीत 'मुंदूडलागिदे' असलं की आपण अभ्यास चालू ठेवतो आणि 'रद्दु' असलं की पुस्तक फेकतो, होय का न्हाई? मुंदूडु म्हणजे पुढं ढकलणं, तेच पुट ऑफ. आता माझ्या ट्यूशनची पोरं कुठं चुकतात ते पण सांगते. 'पुट ऑफ द मीटिंग' चालतं, 'पुट द मीटिंग ऑफ' पण चालतं, पण इट आलं की ते मधीच बसवायचं, 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' म्हटलं की मार्क गेलाच. पुट ऑफच्या नंतर क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लावायचं, 'आय पुट ऑफ गोइंग टू द डेंटिस्ट', टू गो न्हाई.

आणखी एक, 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे वासानंच खायचं मन उडालं. इथं तारखेचा काही संबंध न्हाई. बॅटिंग करताना कुणी मागनं बडबडून लक्ष घालवलं तरी पुट ऑफच.

निपाणी एक्सप्रेस:
बसचं राहिलं की! ब्रिटिश लोक ड्रायव्हरला 'पुट मी ऑफ अ‍ॅट द स्टेशन' म्हणतात, म्हणजे स्टेशनला उतरवा. कोल्हापूर सर्कलला म्हणून बघा, कंडक्टर कसा बघतोय ते. आणि मामा अगदीच चुकले न्हाईत हं, 'पुट द लाइट ऑफ' म्हणजे लाइट बंद कर, हे तिकडं बोलतात, टर्न ऑफ जास्त चालतं तो भाग वेगळा. पण इंटरव्ह्यूला बटण नसतंय.

खानापूरचं पाव्हणं:
थँक्स सगळ्यांना, 'थँक यू, आय विल बी देअर ऑन थर्सडे' असा मेल टाकलाय, उद्याच्या बसनं परत येऊलालोय. मामानं सगळं वाचलं आणि जेवायला बसा म्हणाला. एकच शंका, पुट ऑन म्हणजे पुढं ढकललेलं परत मागं घेणं काय?

अनगोळकर:
कपडे घालणं रे. गुरुवारी इस्त्रीचे घालून जा, बाकीचं नव्या धाग्यात विचार.