'सूचित संमती' मराठीत चालेल का?

पर्वतीपायथा

घरकाम करणाऱ्या बायकांच्या पाहणीचा फॉर्म माझ्याकडे मराठी तपासायला आला आहे. पगार, सुट्ट्या, आजारपण, मुलांची शाळा असे चाळीसेक प्रश्न, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'सूचित संमती'. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट', म्हणजे काय आणि कशासाठी विचारतायत ते नीट समजून दिलेला होकार. त्याचं हिंदीत 'सूचित सहमति' होतं, तिथून उचलून ते मराठीत आणलंय हे उघड आहे. पण मराठीत मला त्याचा अर्थ उलटा लागतो. 'त्याच्या बोलण्यातून नाराजी सूचित होत होती' असं आपण म्हणतो, म्हणजे उघड न बोलता. मग सूचित संमती म्हणजे तोंडाने हो न म्हणता गृहीत धरलेला होकार झाला की. जे करायचं नाही नेमकं तेच.

परवा आम्ही वस्तीत फॉर्मची चाचणी घ्यायला गेलो होतो. एका मावशींकडे बसलो. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. ओले हात पदराला पुसून त्यांनी कागद घेतला, एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचला, 'सूचित'पाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही सुचवणार आणि मी हो म्हणायचं, असंच ना?" आमच्यातली मुलगी घाईत होती. "हो मावशी, इथे सही करा," म्हणाली. मावशींनी केली. घरी आल्यावरही माझ्या डोक्यातून ते जात नाहीये. कागदावर सही आहे, पण संमती मिळाली असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

'माहितीपूर्ण संमती' सरकारी कागदांत दिसतं, पण ते 'माहितीपूर्ण लेख' या चालीवर जातं. माहिती त्या बाईला मिळाली की संमतीत भरली, तेच कळत नाही. दुसरं काही सुचतंय का?

लकडीपूल

शब्द बरोबर आहे, तुम्ही त्याचा एकच अर्थ धरून बसला आहात. सूचनाफलक, पूर्वसूचना, अधिसूचना हे सगळे 'कळवणे' याच अर्थाचे. 'आपणांस सूचित करण्यात येते की' असं पत्र आलं तर कुणी तुम्हाला आडून सुचवत नसतं. परिभाषा शिकावी लागते. 'गुरुत्वाकर्षण' पहिल्यांदा ऐकून कुणाला कळलं होतं? एकजण अडखळलं म्हणून शब्द टाकत गेलो तर मराठीत कुठलंच शास्त्र उभं राहणार नाही.

निळीशाई

गुरुत्वाकर्षण कळलं नाही तर पेपरात मार्क जातात. इथे शब्द कळला नाही तर बाईचा पगार, तिचं दुखणं, ती कुणाकडे काम करते हे सगळं परक्याच्या हातात जातं. दोन्हींना एकच नियम कसा लावता?

आणि व्याकरणाने बघा. पत्रात सूचित कोण होतं? 'आपण'. माणूस. इथे विशेषण लावलंय संमतीला. माणसाला कळवलेलं असणं आणि संमती कळवलेली असणं यात फरक आहे.

'सज्ञान संमती' असंही एका फॉर्मवर पाहिलंय. मराठीत सज्ञान म्हणजे अठरा पूर्ण झालेला. तिथे काम करणारा मुलगा दारोदार "तुम्ही सज्ञान आहात ना?" एवढंच विचारून खूण करत होता. मी स्वतः पाहिलंय. शब्दाने त्याला चुकवलं, त्याचा दोष कमी होता.

धायरीफाटा

'समजून-उमजून दिलेला होकार'. कुणालाही कळतं.

लकडीपूल

तो शब्द नाही, वाक्य आहे. मथळ्यात बसत नाही.

इंदापूरकर

आजोबांच्या ट्रंकेतली खरेदीखतं आमच्याकडे आहेत. प्रत्येकात एक ओळ ठरलेली: 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो'. बघा किती नेमकं आहे. राजीखुशी म्हणजे कुणाची जबरदस्ती नाही, अक्कलहुशारी म्हणजे काय लिहून देतोय ते कळतंय. तुमच्या इंग्रजी शब्दात या दोनच गोष्टी आहेत ना? मग हा शब्द आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. खेड्यातल्या माणसाला समजावूनही सांगावा लागत नाही. आमच्या तालुक्यात तरी नाही.

लकडीपूल

राजी अरबी, खुशी फारसी, अक्कल अरबी, हुशारी फारसी. चारातला एकही आपला नाही.

इंदापूरकर

साहेब, 'साहेब'सुद्धा अरबी आहे. जो शब्द माझ्या पणजोबांच्या अंगठ्याखाली आहे तो माझा नाही असं मी मानणार नाही.

निळीशाई

इंदापूरकर, मला शब्द आवडला, पण त्या अंगठ्याबद्दलच बोलायचं आहे. सावकाराचे रोखे, म्हणजे कर्जाचे कागदही असे साच्यातलेच असायचे. लिहिणारा सावकाराचा, वाचता येत नव्हतं तो कुणबी. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले तेव्हा त्यांना आधी हवे होते ते हे रोखे. ते मिळवून जाळले. पुढे १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, त्यात कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळात काय होता ते तपासायची मुभा मिळाली. म्हणजे कागदावर राजीखुशी लिहिली म्हणून राजीखुशी धरायची नाही, हे याच जिल्ह्यातल्या लोकांनी कायद्याला शिकवलं. आपण तीच ओळ परत छापायची का?

इंदापूरकर

सुपं आमच्यापासून लांब नाही. तुम्ही म्हणता ते ऐकत आलोय. पण लबाडी शब्दाने केली नाही, सावकाराने केली.

कसबापेठी

मला पर्वतीपायथा यांच्या पहिल्याच ओळीतला 'पाहणी' आवडला. आजकाल सगळे 'सर्वेक्षण' लिहितात. सर्व + ईक्षण, सगळं बघणं. मग शंभरातली दहा घरं बघून त्याला सर्वेक्षण कसं म्हणायचं? 'नमुना सर्वेक्षण' हा तर वदतोव्याघात झाला, एक शब्द दुसऱ्याला खोडतो. गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या देखरेखीखाली आपल्या पुण्याची जी सामाजिक-आर्थिक पाहणी केली (पहिला भाग १९४५, दुसरा १९५२), तिला जुनी माणसं पाहणीच म्हणत. माझे वडील तरी म्हणत.

त्याहून जुना शब्द खानेसुमारी. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. पेशवे दफ्तरात खानेसुमारीचे कागद आहेत. आणि गंमत बघा, त्याच शुमारपासून 'बेसुमार', 'सुमारे' आणि 'सुमार'. मोजता न येणारं, अंदाजे मोजलेलं आणि बेताच्या दर्जाचं, तिन्ही एका घरातले.

इंदापूरकर

पाहणी म्हटलं की आमच्याकडे पीकपाहणी. सर्व्हे म्हटलं की जमीन. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमिनीची नवी मोजणी-आकारणी लावली ती इंदापुरातच, आधीची फसली होती म्हणून. कुणी वही घेऊन बांधावर आला की माणूस आजही आधी हाच विचार करतो, की हा शेतसारा वाढवायला आलाय की मदत द्यायला? त्यावर उत्तर बदलतं. आणेवारीचं, म्हणजे पूर्ण पीक रुपया धरून यंदा किती पैसे आलं या सरकारी अंदाजाचं, तसंच. पन्नास पैशांच्या आत लागली तर दुष्काळी सवलती मिळायच्या, वर लागली तर काही नाही. तिथे 'नजर अंदाज' आकड्यावर गावचं वर्ष ठरायचं.

धायरीफाटा

आणेवारी निघालीच आहे म्हणून. मी संख्याशास्त्र शिकवतो. पीककापणीचा प्रयोग, म्हणजे शेतातला आखलेला तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढणं, वर्गात सांगतो तेव्हा संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांचं उदाहरण देतो. चाळीसच्या दशकात त्यांनी दाखवलं की कापणीसाठी फार लहान तुकडा आखला तर कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. कुणी खोटं बोलत नसतं. दोरी आखणाऱ्याचा हात भरल्या कणसाकडे झुकतो, एवढंच. हजार शेतांत तो एकाच बाजूला झुकला की आकडा चुकतो, आणि नमुना वाढवून ती चूक जात नाही.

पर्वतीपायथांच्या गोष्टीतली "इथे सही करा" म्हणणारी मुलगी मला तशीच वाटते. तिला दिवसाचे फॉर्म मोजून पैसे मिळत असतील तर तिचा हातही झुकणारच.

पर्वतीपायथा

मिळतात. फॉर्ममागे. तुम्ही बरोबर ओळखलंत, आणि हे मी फॉर्म देणाऱ्यांना कळवलं आहे. नकार आलेल्या घराचेही तेवढेच पैसे द्या, म्हणजे तिला कुणाचा होकार ओढून आणावा लागणार नाही.

पण मंडळी, माझ्या शब्दाचं काय?

लकडीपूल

तुम्ही संमतीवर एवढा भर देताय, जनगणनेत कुठे कुणाची संमती विचारतात? प्रगणक दारात आला की उत्तर द्यावंच लागतं, कायदा आहे.

पर्वतीपायथा

आहे, १९४८ चा. उत्तर द्यायला आपण बांधील आहोत, आणि त्या बदल्यात तो कागद कुणाला पाहायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. बंधन आणि गुप्तता एकत्र आहेत. आमच्या फॉर्ममागे असा कुठला कायदा उभा नाही, म्हणून तर संमती.

आणि त्याच कायद्याच्या आठव्या कलमात एक सवलत आहे, ती वाचून मला भरून आलं होतं. रूढीने ज्याचं नाव घ्यायची मनाई आहे अशा माणसाचं, नवऱ्याचं किंवा वारलेल्या नवऱ्याचं नाव सांगायला कुठलीही बाई बांधील नाही. माझी आजी उखाण्याशिवाय आजोबांचं नाव घेत नसे. दारात मोजणीवाला आला की ती "ह्यांचं" म्हणून गप्प बसायची आणि शेजारचा मुलगा नाव सांगायचा. तिच्या त्या गप्प बसण्याला कायद्याने जागा दिली होती, हे तिला कधीच कुणी सांगितलं नाही. मला तो शब्द हवाय ज्यात 'गप्प बसायची मुभा आहे' हेही येईल.

निळीशाई

मग मथळ्याचा हट्ट सोडा. वैद्यकीय संशोधनात माहितीपत्रक वेगळं असतं आणि संमतीपत्र वेगळं. तसं करा. २०२३ च्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यातही संमती मोकळी, नेमकी, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी असं आहे. पाच विशेषणं. ती एका 'सूचित'मध्ये कशी मावतील?

लकडीपूल

म्हणून तर पारिभाषिक शब्द लागतो. पाच विशेषणांचं गाठोडं एका शब्दात बांधायला. आज 'सूचित' नको म्हणाल, उद्या इंग्रजीच लिहाल. मी तीस वर्षं भाषांतर केलंय, हे होताना पाहिलंय.

पर्वतीपायथा

तुमची काळजी मला कळते, काका, आणि ती खरी आहे. तरी सूचित नको.

काल परत त्याच मावशींकडे गेले. कागद बाजूला ठेवून तोंडी सांगितलं: कोण विचारतंय, कशासाठी, नाव कुठे छापणार नाही, एखादा प्रश्न नको वाटला तर सोडा, आणि मधेच थांबा म्हणालात तरी चालेल. त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "पगाराचं सोडलं तर राग नाही ना येणार?" म्हटलं, नाही. तो रकाना त्यांनी कोरा ठेवला. बाकी सगळं सांगितलं, दुखऱ्या गुडघ्यापर्यंत.

आता नवीनच अडचण. फॉर्म देणाऱ्यांचं म्हणणं, कोऱ्या जागी बाकी बायकांच्या पगाराची सरासरी टाकू, तशी पद्धत असते.

धायरीफाटा

पद्धत आहे, पण सरळ सरासरी टाकणं ही त्यातली सगळ्यात कच्ची. सगळ्यांचे पगार आहेत त्यापेक्षा एकमेकांच्या जवळ दिसायला लागतात. दुसरं म्हणजे, न सांगणाऱ्या बायका बहुधा इतरांसारख्या नसतात. कुणाला फार कमी मिळतो, तो सांगायची लाज वाटते; कुणाला घरी कळू द्यायचा नसतो. भरायचंच तर कोणत्या पद्धतीने भरलं, किती घरं भरली हे अहवालात लिहायलाच हवं. न लिहिता भरलं तर ते बनवलेलं उत्तर.

वर्गात या भरण्याला मी 'आरोपण' म्हणतो.

निळीशाई

आरोपणात आरोप ऐकू येतो. न बोललेल्या बाईवर पगार आरोपित केला. मला शब्द अचूक वाटतो, पण अहवालात कुणी छापणार नाही.

इंदापूरकर

'भर' म्हणा. खड्ड्यात भर घालतात तशी.

लकडीपूल

भर म्हणजे वाढही. 'भर घातली' म्हटलं तर आकडा वाढवला असं कुणी वाचेल. आरोपण बरं, संस्कृत आहे आणि नेमकं आहे.

पर्वतीपायथा

सोमवारी छपाई आहे. पगाराच्या रकान्यापुढे 'सांगितलं नाही' अशी वेगळी चौकट घालून घेतली, आणि तिथे सरासरी टाकायची नाही एवढं कबूल करून घेतलं. पहिल्या पानावर आता मावशींना सांगितलेलीच पाच वाक्यं आहेत. मथळ्याची जागा मात्र अजून कोरी आहे. रविवार रात्रीपर्यंत कुणाला काही सुचलं तर कळवा.

कसबापेठी

'सुमार' हा 'बेताचा' या अर्थाने कधीपासून यायला लागला, कुणाकडे जुन्या पत्रांतलं उदाहरण आहे का? मोजलेली गोष्ट हलकी कशी ठरली, हे मला कळत नाहीये.

इंदापूरकर

आमच्याकडे 'सुमार पाऊस' म्हणजे बेताचा. ट्रंकेतले कागद उद्या बाहेर काढतो, बघतो.