ठरवून केलेल्या आंदोलनाची बातमी कशी द्यावी?

शहरडेस्क: पुण्याच्या अलका चौकात ‘तीव्र आंदोलन’ असा मेसेज आदल्या रात्री येतो. कॅमेरे आले की पुतळ्याला जोडे, घोषणा, नेत्याचा बाइट (कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं), मग पांगापांग. बातमी सोडली तर लोक आम्हाला पक्षपाती म्हणतात, दिली तर फुकट जाहिरात होते. आमचं पोर्टल छोटं आहे. नेमकं काय करावं?

रास्तापेठकर: आधी फ्रेम सुधारा. नेता आणि पुतळा एवढाच टाइट शॉट घेतला की २० माणसंही मोर्चा वाटतात. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून वाइड घ्या आणि तोच मुख्य फोटो लावा. किती जण होते, कधी सुरू झालं, कधी संपलं हे दुसऱ्याच वाक्यात यावं. मागणी कुणाच्या अखत्यारीतली आहे हेही तपासा. राज्याचा विषय घेऊन महापालिकेच्या दारात घोषणा दिल्या असतील, तर खरी बातमी तीच.

फ्रेम किती फसवते याचं जुनं उदाहरण: १९५१ साली शिकागोत अमेरिकी सेनानी जनरल मॅकआर्थर यांचं स्वागत झालं. तेव्हाचं टीव्ही चित्रण आणि रस्त्यावरच्या निरीक्षकांच्या नोंदी कर्ट आणि ग्लॅडिस लँग या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने ताडून पाहिल्या. पडद्यावर जल्लोष होता, रस्त्यावर बहुतेक लोक नुसते ताटकळत होते.

मोजपट्टी: सभेचा आकडा आयोजकांकडून घेऊच नका. उपग्रह नकाशावर भरलेला भाग मोजा. २०० बाय १५० फूट म्हणजे ३०,००० चौरस फूट. विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट धरतात, दाट गर्दीत साडेचार. म्हणजे ३ हजार ते पावणेसात हजार. तिथे ‘५० हजारांचा जनसागर’ मावतच नाही. चूक होते ती व्यासपीठासमोरची दाटी अख्ख्या मैदानाला लावल्याने. मैदानाचे तुकडे पाडून मोजा.

शहरडेस्क: आणि लाइव्ह?

रात्रपाळी: शक्यतो नकोच. मोठ्या सभांत जिब (कॅमेऱ्याची क्रेन) आणि ड्रोनचा फीड बरेचदा पक्षाच्याच कंत्राटदाराचा असतो, रिकाम्या खुर्च्या त्यात दिसणार नाहीत. वापरलाच तर ‘दृश्यं पक्षाकडून’ ही पट्टी शेवटपर्यंत ठेवा. भाषण रेकॉर्ड करा, दावे तपासून मगच लावा. खोटा दावा अवतरणचिन्हात घालून मथळा केला तरी मोबाइलवर तो दावाच पसरतो. म्हणून मथळ्यात खरी माहिती, दावा त्याखाली.

मोजपट्टी: निवडणुकीत क्रेनचा हार, जेसीबीतून फुलं दिसली की भाडं कुणी दिलं ते विचारा. २०२२ पासून महाराष्ट्रात उमेदवाराची खर्चमर्यादा लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख आहे. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि तो कुणालाही पाहता येतो. आपल्या तारीखवार फोटोंशी तो ताडून पाहा.