वरच्या वस्तीला थेंब नाही, योजना ताब्यात घेतल्याची सही करू का?

माणदेशी ताई (ता. माण, सातारा)
आमच्याकडं जलजीवनची टाकी झाली, पाइप पुरला, घरोघर नळ बसले. मी गावच्या पाणी समितीवर आहे. समितीत निम्म्या बायका लागतात म्हणून माझं नाव घातलं होतं, पण आता मी त्यात जीव ओतलाय. ठेकेदाराचा माणूस दोनदा घरी येऊन गेला. "वहिनी, हस्तांतराच्या कागदावर तेवढी सही करा, बिल अडकलंय."

खालच्या आळीत हंडा बघता बघता भरतो. वरच्या वस्तीवर २२ घरं आहेत, तिथं तोटी फिरवली की नुसती हवा फुसफुसते. एका आजीनं तोटीला फडकं बांधून ठेवलंय, आत कोळी जाऊ नये म्हणून. सत्तरी उलटली तरी रोज विहिरीवरून दोन खेपा करतात. वस्तीच्या चढावर पाइप तर उघडाच पडलाय, ट्रॅक्टरचं चाक त्यावरूनच जातं.

सरपंच म्हणतात, आधी सही कर, मग बघू. मी अडून बसले तर गावाचं नुकसान होईल का?

निवृत्त ग्रामसेवक, कोरेगाव
ताई, सही अजिबात करू नका. एकदा ताबा घेतला की वीजबिल, दुरुस्ती सगळं ग्रामपंचायतीच्या गळ्यात. मग ठेकेदार कशाला फिरकतोय?

माणशी रोज ५५ लिटर हा योजनेचा निकष आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या साधारण १८ घागरी. टाकीजवळ मोजू नका, वस्तीच्या शेवटच्या घरात मोजा. समितीची बैठक लावून ते आकडे इतिवृत्तात लिहून घ्या आणि ग्रामसभेत ठराव मांडा. पाइप किती खोल पुरायचा ते अंदाजपत्रकात असतं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं नोंदवलेली वही) मागा. अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात चढावरचा पाइप किती खोल दाखवलाय ते बघा.

जतकर
आमच्याकडं सही झाली. पहिले काही महिने पाणी आलं. पुढं पाणीपट्टी कोणी भरेना, बिल थकलं, मोटर बंद. आता परत टँकरची वाट बघतोय. पाणी पुरेसं आलं तरी पट्टी किती, वसूल कोण करणार, चावी कोण सोडणार हे त्याच ग्रामसभेत ठरवा. आमचं तेवढंच राहिलं.

माणदेशी ताई
दादा, काका, धीर आला. काल समितीतल्या तिघी जणी वस्तीवर जाऊन आलो. पाणी सुटल्यापासून बंद होईपर्यंत शेवटच्या घरी एक घागरसुद्धा भरली नाही. ते वहीत लिहिलं, २२ घरांच्या सह्या-अंगठे घेतले. आजींनी आपला अंगठा सगळ्यात आधी उठवला. सोमवारी बैठकीची नोटीस काढतोय. माहिती अधिकाराच्या अर्जाचा मजकूर कोणी तपासून देईल का?