प्रतिसाद: त्या मुली खरंच रडत होत्या

जपानमधल्या महिलांच्या व्यावसायिक कुस्तीत (प्रो-रेसलिंग) निकाल आधीच ठरलेला असतो, मग प्रेक्षक रडतात कशाला, असं मूळ लेखात विचारलंय. त्यासाठी २८ ऑगस्ट १९८५ ची ओसाकातली लढत पाहा. मुलींची लाडकी नायिका चिगुसा नागायो विरुद्ध खलनायिका डंप मात्सुमोतो, हरेल तिचं मुंडण. प्रेक्षकांत बहुतेक शाळकरी मुली. चिगुसा रक्तबंबाळ होऊन हरते, रिंगमध्येच तिचे केस कापायला घेतात आणि त्या मुली अक्षरशः हंबरडा फोडतात. असा आक्रोश मी दुसऱ्या कुठल्याच खेळात ऐकलेला नाही.

मार खाताना चिगुसाच्या चेहऱ्यावरची वेदना शेवटच्या रांगेपर्यंत पोचते, हे खरंच. पण मला डंपचं काम अधिक थोर वाटतं. रंगवलेला चेहरा, हातात शिनाई (बांबूची सरावाची तलवार), आणि तिच्या लढतींत रेफरी शिरो आबे उघडउघड तिच्या बाजूचा! डोळ्यांदेखत अन्याय होतोय आणि ज्याने थांबवायचं तोच सामील, हे त्या वयाच्या मुलींना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. लोकांचा तो राग डंपने रिंगबाहेरही सोसला.

१९८६ च्या नोव्हेंबरमध्ये परतीच्या लढतीत डंपचं मुंडण झालं. तीही बघा, पण आधी पहिली.