मदत हवी आहे: आईच्या त्वचेत पाणी '२१ टक्के' म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी,

आई ७४ वर्षांची, मुक्काम नागपूर. दिवाळी सरली की तिच्या नडग्या उलायला लागतात. नखाने रेघ ओढली तर पाटीवर ओढल्यासारखी पांढरी उमटते. रात्री खाजेपायी झोप नाही.

गेल्या आठवड्यात एका ब्यूटी क्लिनिकमध्ये (नाव नको) पेनासारखं यंत्र नडगीला टेकवलं. आई २१ टक्के, मी ३४, लेक ४६. लगेच निदान: "काकूंच्या अंगात पाणी कमी आहे, रोज चार लिटर प्या." शिवाय सात हजारांचा क्रीमचा संच. आईला हृदयाचा त्रास आहे, डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरची मर्यादा घातली आहे. संच नाही घेतला, पण ते २१ आईच्या डोक्यात बसलं. आता ती चोरून पाणी पिते!

लेकीने तसलंच यंत्र ऑनलाइन मागवलं. नडगीवर आंघोळीआधी २२, आंघोळीनंतर लगेच ४१, दुपारी परत २४. कपाळावर ३८. कापलेल्या काकडीवर आकडा पार टोकाला. हे नक्की काय मोजतं? आणि वयाबरोबर त्वचेतलं पाणी खरंच इतकं आटतं का?

प्रतिसाद १

त्वचेच्या चाचण्या होतात अशा प्रयोगशाळेत काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

सगळ्यात आधी: डॉक्टरांची दीड लिटरची मर्यादा मोडू देऊ नका. या आकड्याचा प्यायच्या पाण्याशी संबंध जोडणं चूक आहे.

काकडीचा प्रयोग झकास. असली यंत्रं थेट पाणी मोजत नाहीत, त्वचेचा विद्युत गुणधर्म मोजतात. बहुतेक वेळा धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता. एखाद्या पदार्थामुळे ही क्षमता किती पट वाढते तो आकडा म्हणजे परावैद्युतांक: पाण्याचा ८० च्या आसपास, कोरड्या केराटिनचा (त्वचेच्या वरच्या थरातलं प्रथिन) त्या मानाने नगण्य. ओलावा वाढला की आकडा चढतो. पण कॉर्निओमीटरसारख्या चांगल्या यंत्राची पोहोचसुद्धा १०-२० मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षा कमी. तिथे भेटतो मृत पेशींचा वरचा थर. त्यावर 'टक्के' लिहितही नाहीत, नुसती ० ते १२० एककं.

आम्ही माणसाला २०-२२ अंशांच्या खोलीत निदान वीस मिनिटं बसवायचो, हवेतली आर्द्रता ठरलेली, क्रीम आदल्या दिवसापासून बंद, मग एकाच जागी तीन-चार वेळा टेकवून सरासरी. जिना चढून घामेजलेल्या पायाचं मोजमाप आम्ही फेकून दिलं असतं. कपाळाची नडगीशी तुलना तर नकोच, तिथे तेलग्रंथी भरपूर.

वयाचं म्हणाल तर वरच्या थरातली पाणी धरून ठेवणारी द्रव्यं आणि पेशींमधली स्निग्ध द्रव्यं कमी होतात, तेलही कमी सुटतं. नडग्या सगळ्यात आधी बोलतात त्या यामुळे. गंमत म्हणजे त्वचेतून बाष्प होऊन उडणारं पाणी म्हातारपणी बऱ्याचदा वाढत नाही, उलट कमीच भरतं. ते मोजायचं यंत्र निराळं, त्याचं एकक दर चौरस मीटरला तासाला इतके ग्रॅम. आणखी खालच्या थरातलं पाणी बघायचं तर एमआरआय किंवा रामन वर्णपटमापन (विखुरलेल्या प्रकाशावरून घटक ओळखायची पद्धत). पेनाचं ते काम नव्हे.

प्रतिसाद २

माझ्या सासूबाईंना हेच होतं. कढत पाण्याची आंघोळ बंद, साबण फक्त काखा-जांघांना, अंग टिपून ओलसर असतानाच साधं पेट्रोलियम जेली. पण खाज सर्वांगाला असेल तर डॉक्टरांना दाखवा; मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड तपासतात.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आईला काकडी दाखवली, हसली आणि तांब्या खाली ठेवला. खाज नडग्यांनाच आहे. केमिस्टने युरियाचं क्रीम सुचवलंय, भेगांवर चालेल का?

प्रतिसाद १

उघड्या भेगेवर झोंबेल. आधी जेलीने भेगा भरू द्या, मग युरिया. आणि यंत्र लेकीकडेच ठेवा.