टुरिस्ट व्हिसावर आण, देवळात हार घाल, पुढचं पुढे बघू: हा सल्ला कृपया थांबवा

खाडीपलीकडचा

परवा इथे चर्चेत एका पोराने विचारलं होतं. तो दुबईत, मुलगी फिलिपिनो, तिथेच नर्स. लग्न करून तिला मालवणला आणायची आहे, कुठला व्हिसा बरा? ज्या उत्तरावर अंगठ्यांचा पाऊस पडला ते असं: "ई-टुरिस्ट काढ, गोव्यात मोपा विमानतळावर उतरव, ग्रामदेवतेसमोर हार घाला, ग्रामसेवकाचा दाखला घे, व्हिसा मागाहून बदलून मिळतो. माझ्या माहितीत लोकांनी केलंय."

वाचून डोक्यात तिडीक गेली, म्हणून हे लांबण लावतोय.

अहो, १९५५ चा हिंदू विवाह कायदा दोन हिंदूंच्या लग्नाचा आहे. ती कॅथलिक. तिने धर्म बदललेला नाही, बदलायचाही नाही. मग भटजींनी मंगलाष्टकं कितीही सुरात म्हटली तरी त्या कायद्याखाली लग्न उभं राहत नाही. ग्रामसेवक नोंद कशाची करणार? काही जण ओळखीपाळखीत करून देतात. तो कागद फ्रेम करून ओटीवर लावायला चांगला. एफआरआरओने, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी आणि व्हिसा बघणाऱ्या सरकारी कार्यालयाने, "कोणत्या कायद्याखाली लग्न झालं?" एवढंच विचारलं की खेळ खलास.

ई-व्हिसाच्या सूचनांतच लिहिलेलं असतं की तो वाढत नाही आणि बदलूनही मिळत नाही. लग्नाच्या कारणावरून कुणाचा बदलून दिला असेल, तर ती मेहेरबानी. मेहेरबानीच्या भरवशावर संसार मांडायचा का? फिलिपिनो पासपोर्टला ई-टुरिस्टवर सलग ९० दिवस राहता येतं. (अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपानवाल्यांना १८०, त्यांचा थाट वेगळा.) फाईल अडकली की नवी नवरी परत विमानात.

त्यापेक्षा अबू धाबीत २०२१ च्या कायद्याने बिगरमुस्लिम परदेशी लोकांचे नागरी विवाह लागतात. दुबईहून गाडीने जाऊन या. तो दाखला अटेस्ट करून घ्या आणि तिथल्याच भारतीय वकिलातीकडे बायको म्हणून तिचा एक्स-२ मागा, म्हणजे भारतीयाच्या जोडीदाराला मिळतो तो व्हिसा. व्हिसा १८० दिवसांहून मोठा असेल तर इथे उतरल्यावर १४ दिवसांत नोंदणी. लग्नाला दोन वर्षं झाली की ओसीआय, म्हणजे परदेशी पासपोर्ट ठेवूनही इथे कायम राहता येईल असं कार्ड. कुणाच्या पाया पडायला नको.

तारकर्लीकर

तो सल्ला माझा होता, नाव घ्यायला लाजू नका. माझ्या सख्ख्या मावसभावाने असंच केलं. बायको युक्रेनची, आज कुडाळात राहते, मुलगी बालवाडीत जाते. तुमचा कायदा पुस्तकात, त्याचा संसार जमिनीवर.

आणि परदेशी माणूस घरात घेणं म्हणजे काय ते मला शिकवू नका. माझा होमस्टे आहे. गोरा पाहुणा आला की २४ तासांत फॉर्म सी, म्हणजे त्याची सरकारकडे ऑनलाइन नोंद. गेल्या पावसात वादळाने खांब पडले, नेट नाही, मी मोबाइल घेऊन सड्यावर रेंज शोधत फिरतोय, पासपोर्टचा फोटो अर्ध्यावर अडकलेला, आणि पाहुणा विचारतोय सोलकढी कधी मिळणार. दंडाची भीती आम्हाला. स्कूबावाले दिवसाला बोटी भरभरून परदेशी नेतात, त्यांना कोण विचारतं?

खाडीपलीकडचा

स्कूबा कुठून आला यात? मावसभावाचं लग्न कोणत्या कायद्याखाली झालं ते सांगा.

तारकर्लीकर

तिने आर्यसमाजात शुद्धी करून घेतली होती.

खाडीपलीकडचा

मग तुमच्या सल्ल्यातून नेमकी तेवढीच ओळ गळाली! ती हिंदू झाली म्हणून लग्न टिकलं, हारामुळे नव्हे. धन्य.

बोटीवरचा

दोघांनी जरा गप्प बसा. मी मर्चंट नेव्हीत, बायको फिलिपिन्समधल्या सेबूची. आम्ही इथेच स्पेशल मॅरेजने केलं, १९५४ च्या कायद्याने. ती व्हिसावर आली, धर्म कुणी बदलला नाही, व्हिसाचा पुढचा अर्ज ई-एफआरआरओवर ऑनलाइन केला, पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, चहा पिऊन गेले. झालं. परदेशात लग्न हाच एकमेव सरळ रस्ता हे मला पटत नाही.

फक्त कागद आधी गोळा करा. तिच्याकडचा अविवाहित असल्याचा दाखला, ज्याला ते लोक सेनोमार म्हणतात, आणि दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीचं लग्नाच्या कायदेशीर पात्रतेचं पत्र. आमच्या जिल्ह्याच्या कारकुनाने ते पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, मग शेजारच्या टेबलावर दाखवलं, मग म्हणाला, "शिक्का कोरडा का आहे?" तो उठावाचा शिक्का होता. त्याचं बोट धरून त्या उंचवट्यावरून फिरवलं तेव्हा कुठे पटलं.

बाकी लग्नाची नोटीस लागल्यावर हरकतींसाठी थांबायचे ३० दिवस आम्ही देवबागला मासे खात काढले.

गल्फ_रिटर्न

बोटीवरच्या भावा, तुझी गोष्ट छान, पण तुला दोन कॉन्ट्रॅक्टच्या मध्ये महिनोन् महिने सुट्टी असते. गल्फवाल्याला नसते. नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. त्यानंतर नोटिशीचे ३०. म्हणजे साठ दिवस झाले, अजून सही नाही, तीन साक्षीदार नाहीत, व्हिसाचा अर्ज तर नाहीच. कुठला अरब मालक एवढी रजा देतो? मला बापाच्या बाराव्याला धड दिली नव्हती.

त्यामुळे व्हिसा कुठला हा प्रश्नच नंतरचा. रजा किती, त्यावर लग्न कुठे ते ठरतं, आणि लग्नावर व्हिसा.

खाडीपलीकडचा

हेच तर मी म्हणतोय.

गल्फ_रिटर्न

नाही, तुम्ही सगळ्यांना अबू धाबीला धाडताय. ती मुलगी दुबईत आहे म्हणून जमतं. उद्या ती मनिलात असेल तर तिथे लग्नाच्या परवान्यासाठी १० दिवस नोटीस लावतात, आपल्या पोराला भारतीय वकिलातीचं पत्र लागतं, आणि परदेशी माणसाची बायको म्हणून देश सोडताना तिला सीएफओचं, म्हणजे परदेशातल्या फिलिपिनोंसाठीच्या त्यांच्या सरकारी आयोगाचं, समुपदेशन करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तेही सांगा की.

उद्योजक_चिपळूण

एवढं डोकं कशाला लावताय? एम्प्लॉयमेंट व्हिसा घ्या. कुणाच्याही कंपनीत दाखवा.

गल्फ_रिटर्न

वर्षाला किमान १६.२५ लाख पगार दाखवावा लागतो. काजू फॅक्टरीत दाखवू की बर्फाच्या कारखान्यात? शिवाय खोटी नोकरी दाखवून पकडले गेलात तर ती पुन्हा या देशात पाऊल ठेवणार नाही. धन्यवाद, उद्योजक साहेब.

सातबारा_पीडित

सगळे व्हिसा व्हिसा करतायत. मुद्द्याचं कुणी बोलेना. स्पेशल मॅरेज केलंत तर नोटीस बोर्डावर लागते. आमच्या पुतण्याची लागली. बोर्डाच्या काचेला जाळी, कुलूप गंजलेलं, आत लिलावाच्या जुन्या नोटिशीखाली अर्धी झाकलेली ह्याची नोटीस. तरी चुलत्याने बरोबर वाचली! हा इसम उभ्या आयुष्यात वर्तमानपत्र वाचत नाही. दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे हजर: "पोरगा जातीबाहेर नव्हे, देशाबाहेर लग्न करतोय, त्याचं नाव सातबाऱ्यावरून कमी करा."

आणि कायदा त्याच्या बाजूने आहे. कलम १९. स्पेशल मॅरेज केलं की एकत्र कुटुंबातून बाहेर, वाटा गेला. कलमं सांगणाऱ्यांनी हे कलम का नाही सांगितलं?

बोटीवरचा

वाटा गेला?? मला हे कुणीच बोललं नव्हतं.

वकीलकाकू_रत्नागिरी

वाटा जात नाही. हे बारमध्ये बसून ठरवलेलं कायदाशास्त्र आहे.

कलम १९ म्हणतं की एकत्र कुटुंबातल्या हिंदूने या कायद्याखाली लग्न केलं तर तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं समजायचं. विभक्त म्हणजे त्याचा वाटा वेगळा झाला, बुडाला नाही. कलम २० ने मालमत्तेचे हक्क राखून ठेवलेत. उलट तो आपला वाटा मोजून मागू शकतो. चुलत्याला घाम त्याचाच फुटला असणार.

दोघेही हिंदू असतील तर १९७६ च्या दुरुस्तीने हे लागूच होत नाही. इथे ती कॅथलिक, म्हणून लागतं. मग त्याच्या पश्चात वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने: विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना. ज्याला वेगळं हवं त्याने मृत्युपत्र करावं.

सातबारा_पीडित

काकू, कोर्टात ठीक आहे. तलाठ्याच्या टेबलावर काय होतं ते या एकदा बघायला. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या चुलतभावांची नावं आहेत. अर्धे मुंबईत, दोघे देवाघरी, एकाचा पत्ताच नाही. सामायिक क्षेत्र. आंब्याच्या दहा झाडांवर मी फवारणी करायची आणि पेट्या भरायच्या वेळी लालबागवाल्यांचा फोन, "आमचा वाटा ठेवलास ना रे?"

तारकर्लीकर

हे मात्र शंभर टक्के खरं. माझ्या होमस्टेच्या वाटेत चुलत्याने चिऱ्याचा गडगा घातलाय. पाहुणे बॅगा डोक्यावर घेऊन येतात.

लालबागकर_मूळ_राजापूर

लालबागवाल्यांना बोललात म्हणून लिहितो. गणपतीला येऊन अर्धा वाडा आम्ही शाकारला, वीजबिल आम्ही भरलं, आंब्याची एक पेटी मागितली की आम्ही लुटारू! गावात राहणारे बाग एकट्याच्या नावावर समजतात. कूळकायद्यात गेली असती तर बरं झालं असतं.

सातबारा_पीडित

वाडा शाकारला म्हणे. २०२० च्या निसर्ग वादळात कौलं उडाली तेव्हा कोण आलं होतं? नाव सांगा.

लालबागकर_मूळ_राजापूर

तेव्हा लॉकडाउन होतं हो! ई-पास तुम्ही काढून देणार होतात का?

वकीलकाकू_रत्नागिरी

धाग्यावर या. जमिनीचाच प्रश्न असेल तर कामाचं ऐका: बायकोला ओसीआय मिळालं तरी शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेणं तसंही बंद आहे. वारशाने येऊ शकते. म्हणून "तिच्या नावावर आंब्याची बाग घेतो" ही स्वप्नं आधीच आवरा. ओसीआयला मतदान नाही. आणि घटस्फोट झाला तर पत्नी म्हणून मिळालेलं ओसीआय रद्द होऊ शकतं, हे मुलीलाही कळू द्या. लग्नाच्या धामधुमीत तिला कुणी सांगत नाही.

किनाऱ्यावरचा

एक विचारतो. माझा जोडीदार पुरुष आहे, जर्मन. आठ-दहा उत्तरांत तुम्ही कुठला रस्ता जवळचा यावर भांडताय. समलिंगी लग्नाबद्दलच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर आमच्यासाठी लग्नाचा रस्ताच नाही, त्यामुळे एक्स-२ नाही, ओसीआय नाही. तो टुरिस्ट म्हणून येतो, टुरिस्ट म्हणून जातो. आमच्या आईला तो "मुंबईचा मित्र" म्हणून माहीत आहे. मुंबईचा.

बोटीवरचा

काय बोलणार मित्रा. कुठला रस्ता सरळ यावर वाद घालताना हे डोक्यात नव्हतं.

सातबारा_पीडित

वाईट वाटलं. पण काकू, ते वारशाचं पुन्हा सांगा. परदेशी बायकोचं नाव वारस म्हणून लावायला तलाठी नकार देऊ शकतो का?

वकीलकाकू_रत्नागिरी

तुम्ही अविवाहित आहात ना हो?

सातबारा_पीडित

पुतण्यासाठी विचारतोय.

दुबई_मालवण

मूळ प्रश्न माझा होता. एवढं पेटेल असं वाटलं नव्हतं. मला रजा ४० दिवसांची मिळतेय, त्यामुळे स्पेशल मॅरेज इथे बसत नाही हे गल्फ_रिटर्न दादांमुळे कळलं. अबू धाबीची अपॉइंटमेंट बघतोय. एक्स-२ वर तिला इथे हॉस्पिटलात नोकरी करता येईल का?

गल्फ_रिटर्न

व्हिसा हातात आला म्हणजे नोकरीचा परवाना आला असं धरू नकोस, त्याची परवानगी वेगळी मागावी लागते. आणि परदेशातली नर्सिंगची पदवी इथे कौन्सिलकडून मान्य करून घ्यायची, ती लढाई आणखी निराळी. दुबईची नोकरी सोडायच्या आधी तिला हे सांग. नाहीतर मालवणात बसून ती सासूबाईंचं बीपी मोजेल आणि मनातल्या मनात तुझा हिशेब करेल.

दुबई_मालवण

सांगतो. पण आई अडून बसलीय, देवळात हार झाल्याशिवाय सून घरात घेणार नाही म्हणते.

तारकर्लीकर

मग घाल की हार! हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतोय. वऱ्हाड माझ्याकडे उतरव, फॉर्म सी मी भरतो, नेट असलं तर.

खाडीपलीकडचा

हार घाल, सनई लाव, गावजेवण घाल. फक्त ती तिकडचा दाखला आणि एक्स-२ घेऊन उतरू दे. तारकर्लीकरांचा सल्ला उलट्या क्रमाने केला तर उत्तम आहे, हे मी मान्य करतो.

तारकर्लीकर

मान्य केलंत, उपकार झाले.

सातबारा_पीडित

झिला, ता व्हिसाचा जाऊ दे. तुझ्या घराच्या सातबाऱ्यार नावा किती आसत, ता आदी बघून घे.