मदत हवी: एप्सिलॉन इंडीशेजारचा हा ठिपका तपकिरी बटू असेल काय?

मंडळी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. दुर्बीण नाही. जुना डीएसएलआर, 50 एमएमची लेन्स आणि एक पाय सैल झालेला ट्रायपॉड, एवढ्यावर चाललंय.

सिंधू तारकासमूहातला एप्सिलॉन इंडी हा तारा आमच्याकडून दिसतो हेच मला उशिरा कळलं. चढून चढून तो दक्षिण क्षितिजाच्या वर साडेसतरा अंशांपर्यंत येतो. बेळगावचे दिवे इथून ईशान्येला राहतात, दक्षिणेला नुसतं रान. ऑक्टोबरअखेर रात्री आठला माळावर गेलो. आई ओरडलीच, "अमावास्येचं काय बघालास रे तिकडं?" फोमलहॉट या ठळक ताऱ्यावरून खाली उजवीकडे अलनायर हा तारा गाठला, तिथून हात लांब करून एक मूठभर सरळ खाली. 4.7 प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), पण नुसत्या डोळ्यांनी दिसला. खाचरांवर दव उतरायच्या आत आठ-आठ सेकंदांचे अकरा फोटो घेतले.

आता मुद्दा. वाचलंय की या ताऱ्याचा सोबती एक तपकिरी बटू, म्हणजे पुरता तारा न झालेला गोळा, आकाशात त्याच्यापासून 6.7 कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दूर आहे. माझ्या लेन्सला एक पिक्सेल म्हणजे साधारण 18 विकला (60 विकलांची एक कला), म्हणजे अंतर 22 पिक्सेल. घरी येऊन एक फोटो मोठा केला तर ताऱ्याच्या खाली 22 पिक्सेलवर बारीक ठिपका! अंगावर काटा आला. तारा जरा लांबट आलाय, ठिपका मात्र मोहरीसारखा गोल आहे. तोच असेल काय? आणि आठवीतला पोरगा विचारतोय, "बाबा, मग तो तपकिरी का नाही?" त्याला काय सांगू?

निपाणीकर मास्तर:
दादा, हिशेब चोख आहे, पण तो ठिपका सोबती नव्हे. एक तर दिशा चुकतेय. सोबती ताऱ्याच्या जवळजवळ बरोबर पूर्वेला आहे. तारा दक्षिणेला सगळ्यात वर असताना फोटो घेतलात, म्हणजे तो डावीकडे यायला हवा, खाली नव्हे. दुसरं, साध्या प्रकाशात तो 24 व्या प्रतीचा आहे, ताऱ्यापेक्षा जवळपास 6 कोटी पट मंद. 50 एमएमचं ते काम नाही.

शिवाय गोम तुम्हीच लिहून ठेवलीय. पृथ्वी फिरते, म्हणून आठ सेकंदांत तारा तीन-चार पिक्सेल ओढला गेला. आकाशातली दुसरी कुठलीही गोष्ट तशीच ओढली गेली असती. मोहरी गोल राहिली, म्हणजे ती आकाशात नाही, कॅमेऱ्यात आहे. उरलेले दहा फोटो उघडा. तारा सरकलेला दिसेल, ठिपका जागचा हलणार नाही.

पोराला सांगा, नाव तेवढं तपकिरी. खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी ते 1975 मध्ये दिलं. असे अर्धवट तारे असणार हे गणित त्याआधीच, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, भारतात जन्मलेल्या शिव कुमार यांनी मांडलं होतं. एप्सिलॉन इंडी हा मुख्य क्रमातला तारा, आपल्या सूर्यासारखा पोटात हायड्रोजन जाळणारा, फक्त लहान आणि नारिंगी. सोबत्याचं वजन त्याला कमी पडलं. गुरूच्या 75 पटींच्या आसपास वस्तुमान असल्याशिवाय ही चूल पेटून राहत नाही. मग जन्मापासूनची ऊब सोडत तो निवत जातो. डोळ्याला तो गडद जांभळट-लाल वाटेल, कारण त्याच्या वातावरणातले सोडियम आणि पोटॅशियम मधला पिवळा प्रकाश गिळतात.

रानपाखरू:
एक भर. सोबती एक नाही, दोन आहेत! गुरूच्या सुमारे 67 आणि 53 पट, एकमेकांभोवती साधारण 11 वर्षांत फिरणारे. जानेवारी 2003 मध्ये एकच म्हणून जाहीर झाला, त्याच वर्षी जोडी निघाली. शिवाय 2024 मध्ये जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीनं तिथल्या एका मोठ्या ग्रहाचं चित्रही टिपलं. एवढा गोतावळा फक्त 12 प्रकाशवर्षांवर.

निपाणीकर मास्तर:
बरोबर, आणि तो सोबती सापडला कसा तेही सांगतो, त्यात तुमच्या कामाचं आहे. हा तारा वर्षाला 4.7 विकला सरकतो, इतर ताऱ्यांच्या मानाने धावतोच म्हणा. जुन्या अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या प्रकाशातल्या) फोटोपट्ट्या ताडून बघताना एक मंद ठिपका त्याच वेगानं, त्याच दिशेला चाललेला दिसला, म्हणजे दोघं एकाच घरचे. तुम्हाला सोबती दिसणार नाही, पण ताऱ्याचं सरकणं पकडता येईल. 200 एमएमला वर्षाला साधारण एक पिक्सेल पडतो. दर दिवाळीला एक फोटो घ्या, चार-पाच वर्षं.

मूळ प्रश्नकर्ता:
मास्तर, अकराही फोटो उघडले. ठिपका सगळ्यात एकाच जागी बसलाय, लग्नाच्या फोटोतसुद्धा, नवरीच्या शालूवर! पोरगा हसून हसून लोळतोय. सोबत्याचं राहू दे. पुढच्या दिवाळीपर्यंत 200 एमएमची लेन्स भाड्यानं हवीय, बेळगावात कुठं मिळते काय?